रिजेक्ट झालेलं डॉगवुड

जगतापकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते गुढीपाडव्याच्या फराळाला, आणि आल्या आल्या त्यांनी माझे बेसनाचे लाडू मोजले. मोजले म्हणजे किती आहेत ते नव्हे. त्यांनी खिशातून स्टीलचं एक हत्यार काढलं, त्याच्या दोन चोचींमध्ये अलगद लाडू धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "त्रेचाळीस मिलिमीटर." मग शेजारचा धरला. "एकोणपन्नास. वैशाली, हे लाडू एकटीने वळलेस की दोघींनी?"

लाडू खरोखरच दोघींनी वळले होते. माझी आई तेव्हा नागपूरहून आली होती, मोठे लाडू तिचे आणि लहान माझे. मला रागही आला आणि हसूही. माझा चेहरा बघून सुमनकाकू, म्हणजे काकांच्या मिसेस, म्हणाल्या, "अगं, काळजी करू नकोस. ते व्हर्निअर धुतलेलं आहे. आमच्याकडे सकाळची पहिली आंघोळ त्याची, मग यांची."

काकांनी दोन्ही लाडू संपवले, तिसरा मागून घेतला आणि "चवीला ओके" असा निकाल दिला. तेवढ्यावर माझा राग गेला, पण तेव्हापासून मी लाडू वळताना जरा दबकूनच वळते हे कबूल करायला हवं.

काका चिंचवडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. बाहेरून बनून आलेला माल मोजायचा आणि तो घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. मुलगा नितीन इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरीला, आमच्यापासून चार घरं सोडून राहतो. काका-काकू मार्चमध्ये यायचे आणि सप्टेंबरमध्ये परत जायचे. इथल्या इतर आजी-आजोबांचे सहा महिने जातात टीव्ही आणि नातवंडं यांच्यात. काकांचे इन्स्पेक्शनमध्ये जायचे. पांढरा शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, पायात नितीनने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट. सकाळी आठला ते ड्यूटीवर निघाल्यासारखे फिरायला निघायचे.

त्यांच्या जगात तीनच शेरे होते: ओके, रिवर्क आणि रिजेक्ट. इंडियन स्टोअरमधली भेंडी रिजेक्ट. नितीनचं गाडी लावणं रिवर्क. इथला पिझ्झा, आश्चर्य म्हणजे, ओके. "मला वाटतं" हा शब्द कुणी काढला की ते चटकन म्हणायचे, "वाटतं नको. मोजून सांगा." काकू एकदा वसाहतीच्या पॉटलकमध्ये, घरोघरचे डबे जमवून केलेल्या जेवणात, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण मला अजून रिवर्कमध्येच ठेवलंय. निकाल काही लागत नाही." सगळे हसले. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "घाईने शेरा मारू नये."

आणि एकदा मारलेला शेरा ते बदलत नसत. याचा त्यांना केवढा अभिमान! मॅनेजर येऊन विनवून गेला, मालकाचा पुतण्या येऊन दम देऊन गेला, पण माझा लाल शिक्का तिथेच राहिला, असं ते सांगायचे. आम्ही ती गोष्ट निदान सहा वेळा ऐकली असेल, आणि सहाही वेळा ती अगदी तीच होती.

आता डॉगवुडकडे येते. आमच्या वसाहतीत बिल्डरने प्रत्येक घरापुढे एकेक डॉगवुडचं झाड लावून दिलंय. व्हर्जिनियात या झाडाचं फार कौतुक. बेताच्या उंचीचं झाड, एप्रिलच्या मध्यावर पानं येण्याआधीच पांढऱ्या फुलांनी भरून जातं. चार पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला कुणी चिमटा काढल्यासारखी खाच. मी इथे नऊ वर्षं राहत होते, दर वसंतात "काय सुंदर फुललंय" म्हणत होते, आणि फोटो काढून आईला पाठवत होते. ही फुलं घरोघरी वेगवेगळ्या आकाराची असतात हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

काकांच्या ते पहिल्याच वसंतात आलं आणि ते अस्वस्थ झाले. "वैशाली, ही सगळी झाडं एकाच नर्सरीची?"

"असावीत, काका. बिल्डरने एकदमच लावली होती."

"म्हणजे एकच सप्लायर, एकच लॉट, एकच वर्ष. आणि तुझ्या दारातलं फूल एवढं, नितीनच्या दारातलं एवढं?" त्यांनी बोटांनी दाखवलं. "कुठेतरी काहीतरी चुकतंय."

पुढच्या वर्षी ते तयारीनेच आले. चिंचवडहून येताना त्यांनी लोणच्याच्या बरण्यांबरोबर आखीव तक्त्यांचं एक पॅड आणलं होतं. वसाहतीतली एक्केचाळीस घरं. प्रत्येक झाडाची हाताला येतील अशी दहा फुलं मोजायची, त्यांची सरासरी काढायची. शिवाय ऊन किती तास, जमीन उताराची की सपाट, स्प्रिंकलरचं पाणी पोचतं की नाही, खोडाचा घेर किती, हे रकाने वेगळे. रोज सकाळी दोन घरं, फार तर तीन, कारण प्रत्येक घरी आधी बेल दाबून परवानगी घ्यायची. न विचारता कुणाच्या हिरवळीवर पाऊल टाकायचं नाही, हे नितीनने बजावलं होतं. भारतीय घरांतून परवानगीबरोबर चहाही मिळायचा, त्यामुळे तिथे दोन घरांवर गाडी थांबायची.

डोरोथी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाई शेवटच्या वळणावर राहतात. त्यांच्याकडे ते आधी नुसते ओळख करून घ्यायला गेले. मी बरोबर होते. काका पायरीखालीच उभे राहिले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम. आय अ‍ॅम रिटायर्ड इन्स्पेक्टर. आय वॉन्ट टू मेझर युवर ट्री."

"इन्स्पेक्टर" ऐकून बाई जरा दचकल्या. मी घाईघाईने खुलासा केला. मग त्या इतक्या खूश झाल्या की आम्हाला झाडाशी घेऊन गेल्या, एक फांदी खाली ओढली आणि म्हणाल्या की हे पांढरं आहे ना, ते मुळी फूल नाहीच. ती पानं आहेत. फूल म्हणजे मधला हा हिरवट पिवळा बारीक गुच्छ. आपल्या बोगनवेलीसारखाच प्रकार. काकांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं, "थँक यू, मॅडम" म्हणाले आणि घरी येऊन पॅड टेबलावर पालथं ठेवलं.

काकूंनी विचारलं, "काय झालं?"

"चार दिवस झाले, मी पॅकिंग मोजतोय," काका म्हणाले.

मला वाटलं, आता हे प्रकरण थांबेल. पण दुसऱ्या दिवशी आठला काका पॅड घेऊन बाहेर. "गिऱ्हाईक पॅकिंगच बघतं," ते मला म्हणाले. "तक्त्याचं नाव बदललं, काम तेच."

पावसाचे दिवस धरून सगळं संपायला तीन आठवडे लागले. घरं क्रमाने घेतली होती, त्यामुळे पहिलं घर मंदारचं, वसाहतीच्या पार पलीकडच्या टोकाचं, आणि शेवटचं डोरोथीबाईंचं. नितीनने तक्ता टाइप करून वसाहतीतल्या मराठी ग्रुपवर टाकला. डोरोथीबाईंचं झाड पहिलं, चौऱ्याण्णव मिलिमीटर, ओके. माझं अठ्ठावन्न, रिवर्क. म्हणजे पाणी वाढवा, खोडाशी पालापाचोळा घाला. आणि सगळ्यांत तळाला मंदारचं, सेहेचाळीस मिलिमीटर, लाल अक्षरांत रिजेक्ट.

मंदार मुंबईचा, सॉफ्टवेअरमधला, स्वभावाने हौशी. त्याच्या झाडावर गॅरेजची सावली पडते, आणि ते त्याला कधीच फारसं आवडत नव्हतं. नर्सरीत नवं कलमी डॉगवुड आलं होतं, बशीएवढ्या फुलांचं, ते त्याच्या मनात भरलं होतं. पण दारातलं झाड काढायचं तर इथे एचओए, म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखी घरमालकांची कमिटी, तिची परवानगी लागते. ती एरवी कचऱ्याचा डबा दिवसभर बाहेर राहिला तरी पत्र पाठवते. झाड तोडायला कुठली सहज हो म्हणणार? पण चार दिवसांत मंदारला परवानगी आली.

"यार वैशाली, काय सांगू," तो मला म्हणाला, "मी काकांचा रिपोर्टच अटॅच केला. एक्केचाळीस झाडांचा डेटा! कमिटीने एकही प्रश्न विचारला नाही. शनिवारी नवीन झाड येतंय, जुनं नर्सरीचाच माणूस काढून नेणार आहे."

मला उगाच हळहळ वाटली. मी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "रिजेक्ट मालाचं आणखी काय करणार?" पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

शनिवारी सकाळी आठला काकांचा फोन आला. नितीन आणि सूनबाई मुलीच्या सॉकरला गेले होते. "वैशाली, गाडी काढ. मंदारकडे जायचंय. आत्ता."

काका रस्त्यावरच उभे होते. शर्ट खोचलेला नव्हता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं कुणाला तरी काहीतरी झालंय. गाडीत बसल्यावर ते बोलू लागले. तक्त्यात नितीनच्या झाडाचा आकडा होता एकोणपन्नास. आज सकाळी सहज मोजलं, तर सत्त्याहत्तर. पहिला संशय व्हर्निअरवर. स्टीलची पट्टी लावून पाहिली, व्हर्निअर बरोबर. दुसरं फूल मोजलं, तिसरं मोजलं. सगळी मोठी.

"उमलल्यावरही वाढतात ती," काका म्हणाले. "रोज थोडी थोडी. दोन आठवडे, तीन आठवडे. वैशाली, चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर ठेवलेली एकही वस्तू सकाळी मोठी झालेली नव्हती. मला सुचलंच नाही गं. मंदारचं झाड मी पहिल्या दिवशी मोजलं. सावलीतलं झाड, ते तर नुकतं डोळे उघडत होतं. डोरोथीबाईंचं मोजलं तीन आठवड्यांनी. मी झाडं मोजलीच नाहीत. मी कॅलेंडर मोजलं."

मंदारच्या दारात ट्रक लागला होता. ट्रकमध्ये नवं झाड, मुळांभोवती गोणपाट बांधलेलं. नर्सरीचा धिप्पाड माणूस करवत सुरू करून बघत होता आणि खालची एक फांदी गवतावर पडलीच होती. काका गाडी थांबायच्या आत उतरले, एरवी हिरवळीच्या कडेला थांबणारे काका थेट झाडाखाली जाऊन उभे राहिले, आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "स्टॉप! माय रिपोर्ट इज राँग!"

करवत बंद झाली. मंदार हाफ पँटमध्ये, हातात कॉफीचा मग. "काका, काय झालं? अप्रूव्हल आलंय, काका. झाड पण आलंय बघा."

"मंदार, माझी चूक झाली," काका म्हणाले. "तुझं झाड ओके आहे. शेरा मी मागे घेतोय."

मी काकांकडे बघतच राहिले. मॅनेजर आणि पुतण्याची गोष्ट सहा वेळा ऐकलेल्या कुणीही बघत राहिलं असतं.

काकांनी व्हर्निअर मंदारच्या हातात दिलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच मोज."

मंदारने कॉफीचा मग खाली ठेवला आणि फुलाला व्हर्निअर लावलं, पण त्याला ते वाचता येईना. तो ते उलटसुलट करून बघू लागला. शेवटी नर्सरीचा माणूसच पुढे आला, हातमोजे काढले, सराईतपणे चोच सरकवली आणि म्हणाला, "थ्री अँड अ क्वार्टर इंच." म्हणजे ब्याऐंशी मिलिमीटर. त्याने आणखी चार फुलं मोजली. सगळी थोड्याफार फरकाने तेवढीच. सावलीत असून माझ्या झाडापेक्षा मोठी, हे मी मनातल्या मनात नोंदवून घेतलं.

"सो, व्हॉट्स राँग विथ धिस ट्री?" त्याने विचारलं.

"नथिंग," काका म्हणाले. "आय केम टू अर्ली."

मंदारने झाडाकडे पाहिलं. मला वाटतं, नीट असं पहिल्यांदाच पाहिलं. मग नर्सरीवाल्याला म्हणाला, नवीन झाड मागच्या अंगणात लावूया. तो माणूस खांदे उडवून ट्रक वळवायला गेला.

मी काकांना मंदारच्या गॅरेजमधल्या घडीच्या खुर्चीवर बसवलं, आणि मंदार आत चहा करायला गेला. काका समोरच्या फुलांकडे बघत होते. मग म्हणाले, "भोसरीत एक शिकलगार म्हणून होता. छोटी शेड, दोन लेथ. स्टीलचे बुश, म्हणजे आखूड नळीसारखे भाग, बनवून द्यायचा आम्हाला. मे महिन्यात भर दुपारी टेम्पोतून लॉट घेऊन आला. उन्हात तापलेला माल इन्स्पेक्शन रूममध्ये तासभर थंड करायला ठेवतात, मग मोजतात. शिफ्ट संपत आली होती, मी तसाच मोजला. मोठा आला. रिजेक्ट मारला. तो म्हणाला, साहेब, सकाळी मोजा. मी म्हटलं, दिलेला शेरा मी बदलत नाही."

"मग?"

"मग काय. एकट्याने सगळ्या पेट्या परत टेम्पोत चढवल्या. पुढे आमच्याकडून त्याला काम गेलं नाही." काकांनी चष्मा पुसला. "धातू तापला की वाढतो हे शाळेतलं पोरही सांगेल, वैशाली. मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. पण शिक्का मारून झाला होता."

मला त्यांची दया आली असं म्हटलं तर ते त्यांना आवडणार नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी ते मला आधीपेक्षा जास्त आवडले. मंदारने चहा आणला. चहात साखर फार होती. काका तो पूर्ण प्यायले आणि त्याला कुठलाही शेरा न देता उठले.

त्यानंतरचा आठवडा काका पुन्हा आठला बाहेर पडत होते. या वेळी मोजायला नाही. एक्केचाळीस घरी जाऊन बेल दाबायची आणि सांगायचं, मी तुमच्या झाडाला दिलेला शेरा चुकीचा आहे, कृपया रद्द समजावा. बहुतेकांना आपल्या झाडाला काही शेरा मिळालाय हेच ठाऊक नव्हतं. एका घरच्या बाईंना वाटलं हे काहीतरी विकायला आलेत. कमिटीलाही त्यांनी रीतसर पत्र पाठवलं, "इन्स्पेक्शन रिपोर्ट मागे घेण्याबाबत." कमिटीने आभार मानले आणि सोबत कचऱ्याच्या डब्याचे नियम पाठवले.

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"हसतात," काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. "हसू देत की. पहिलं घर अवघड गेलं. सहाव्या-सातव्यापासून सवय झाली."

काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "काल मला म्हणाले, सुमन, तू ओके आहेस. मी म्हटलं, डॉक्टरला फोन करू का?"

यंदा ते दोघं आले नाहीत. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यामुळे मी काकांना शेवटचं पाहिलं ते गेल्या सप्टेंबरात, नितीनच्या ड्राइव्हवेवर. बॅगा गाडीत गेल्या होत्या, काकू आत बसून पट्टा लावून वाट बघत होत्या, आणि काका माझ्याशी बोलत बाहेरच रेंगाळले होते.

"गेल्यावर आधी भोसरीला जाणार आहे," ते म्हणाले.

"ती शेड असेल अजून तिथे?"

"माहीत नाही. सतरा वर्षं झाली. आजूबाजूला विचारीन. लेथवाल्यांना लेथवाले माहीत असतात."

"अहो, बसा आता! विमान तुमच्यासाठी थांबणार नाही," आतून काकू.

काका दार धरून उभे राहिले. शर्ट खोचलेला, खिशाला पेन मात्र एकच, निळं. मी विचारलं, "आणि काका, सापडले तर काय सांगणार?"

हे वाक्य त्यांनी बऱ्याच वेळा म्हणून पाहिलं असावं, आणि आता ते पुन्हा एकदा तपासत होते.

"सांगेन, शिकलगार, तुमचा माल ओके होता."

मग ते गाडीत बसले, आणि नितीनने गाडी सावकाश मागे घेतली.